रेंज नाही, पण गैरहजेरी बाईची!

(चाकण येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)

मैत्रिणींनो,

इथल्या कारखान्यांत राबणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी जणी खेड, आंबेगाव, जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातून आल्या आहेत. चाकणच्या भाड्याच्या खोलीतून फोन लागतो. पण भीमाशंकरकडच्या वाडीतल्या आईशी बोलायचे, तर ती आधी टेकडीवर चढलेली हवी. बचत गटांच्या कामासाठी मी या वाड्यांमधून फिरते. पाणवठा दाखवावा तशी तिथल्या बाया 'रेंजची जागा' दाखवतात. अंधारात, भर पावसात तिथवर जायचे कुणी?

हा चैनीचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला, दीडशेहून अधिक माणसे गेली. गाव गाडले गेल्याची खबर बाहेर पोचली ती एस.टी.च्या चालकामुळे. बाळंतपणात अडलेली, साप चावलेली, नवऱ्याचा मार खाणारी बाई. तिला १०८, ११२, १८१ हे नंबर पाठ असून उपयोग काय?

डोंगर लहरी अडवतात, वीज गेली की बॅटरी संपून टॉवर बंद पडतो, अभयारण्यात परवानग्या लागतात. हे सगळे खरे. पण मूळ कारण नफ्याचे आहे. विखुरलेली घरे, थोडे रिचार्ज. कंपनी कशाला येईल? म्हणूनच दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून खेड्यांसाठी निधी उभारला जातो. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याला 'डिजिटल भारत निधी' हे नाव दिले. जुलै २०२२ मध्ये केंद्राने २४,६८० गावांत ४जी पोचवण्यासाठी २६,३१६ कोटी रुपये मंजूर केले आणि काम बीएसएनएलकडे सोपवले. म्हणजे आपण भीक मागत नाही.

रेंज नसली तरी शासनाचा कारभार मात्र मोबाइलवर गेला. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीची हजेरी अ‍ॅपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी २०२५ मध्ये आली, तीही ओटीपीवर. फोटो चढला नाही की मजुरी बुडायची भीती बाईला. अंगणवाडी सेविकांनी २०२१ मध्ये निकृष्ट सरकारी मोबाइल परत केले, ते या असल्या कारभाराला कंटाळूनच.

आणि टॉवर आला की प्रश्न सुटला, असेही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या ग्रामीण स्त्रियांपैकी निम्म्यांहून कमी जणींकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. रेंज वाडीत आली आणि फोन नवऱ्याच्याच खिशात राहिला, तर बाईच्या हाती काय पडले?

तेव्हा आपण काय करायचे?

एक : ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. तिथे ठराव करा. ठरावात नुसते गाव नको, प्रत्येक वाडीचे नाव हवे. गावठाणात रेंज आली म्हणून सगळे गाव जोडलेले धरले, तर वाड्या कायमच्या बाहेर राहतील.

दोन : आपले गाव मंजूर यादीत आहे का, टॉवर कधी उभा राहणार, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारा.

तीन : रेंज येईपर्यंत कागदावरची हजेरी आणि कागदावरचा अर्ज चाललाच पाहिजे. रेंजअभावी एकीचीही मजुरी बुडता कामा नये.

चार : बचत गटात फोन हाताळायला शिकू या, आणि बाईचा फोन बाईकडेच राहील हे घराघरांत बोलू या.

चाकणच्या बायांनी हा प्रश्न गावाकडच्या बायांचा म्हणून सोडू नये. फोनच्या दोन्ही टोकांना आपणच आहोत.

जिंदाबाद!