अभ्यासाची सावड

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज कापसाच्या भावावर बोलणार नाही. कापसातून निघालेला पैसा आपण पोरांच्या कॉलेजात ओततो, त्याचे पुढे काय होते त्यावर बोलायचे आहे.

आमच्यातल्याच एका घरचा पोरगा. गावातून इंजिनियरिंगला गेलेला पहिला. दहावीला शाळेत पहिला आलेला. बैलजोडी विकून त्याची शहरात सोय लावली. पहिल्या सहामाहीत गणित आणि मेकॅनिक्स राहिले, दुसऱ्या सहामाहीत आणखी दोन विषय. उन्हाळ्यात घरी आला तो परत गेलाच नाही. आम्ही म्हणालो, याचे डोकेच चालत नाही. आणि वर्षभर आम्ही त्याला फोनवर काय सांगत होतो? कोणाच्या नादी लागू नको, दार लावून एकटा अभ्यास कर. पोराने तंतोतंत ऐकले. चूक तिथेच झाली, आणि ती आमची होती.

जोतिबा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना अर्पण केले. त्या मुक्त झालेल्यांची पतवंडे शंभर वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात पोचली. शाळेत हुशार असलेली ही मुले पहिल्या वर्षाच्या गणितात नापास होत होती. प्राध्यापक म्हणत, यांना जिद्द नाही, पाया कच्चा आहे, घरच्यांना शिक्षणाची कदर नाही.

यूरी ट्राइसमन नावाच्या तरुणाने १९७० च्या दशकात हे तपासायचे ठरवले. त्याने २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाची मुले घेतली आणि ती अभ्यास कसा करतात ते त्यांच्या मागे फिरून पाहिले. जिद्द होती. घरच्यांनी जिवाचे रान केले होते. फरक वेगळाच निघाला. कॉलेज सांगे, वर्गातल्या एका तासाला घरी दोन तास द्या. कृष्णवर्णीय मुले तो हिशोब पाळून आठवड्याला ८ तास गणित करीत, पण एकटी. २० पैकी १८ जण वर्गमित्रांबरोबर कधीच बसत नसत. चिनी मुले आधी एकेकटी अभ्यास करीत, मग जेवणखाण करून एकत्र बसत, एकमेकांची उत्तरे तपासत. त्यांचे सुमारे १४ तास भरत. एखादे गणित सगळ्यांनाच अडले तर गणितच अवघड आहे हे त्यांना कळे. एकट्या पोराला वाटे, माझ्यातच खोट आहे.

मग ट्राइसमनने १९७८ पासून अभ्यासाचे गट सुरू केले. ते ‘ढ’ मुलांचे जादा वर्ग नव्हते. पाच-सात जणांनी एकत्र बसायचे आणि परीक्षेपेक्षाही अवघड गणिते सोडवायची. शिकवणारा उत्तर सांगत नसे, फक्त टोचणी देई. मुलांचे मार्क वाढले, गळती घटली. पुढे इतर विद्यापीठांनीही हीच पद्धत उचलली.

भावांनो, ही गोष्ट शिकायला अमेरिकेला जावे लागावे काय? एक बैल याचा, एक त्याचा, अशी सावड करून आपल्या बापजाद्यांनी कोळपणी केली. शेतात सावड कळते आणि पोराला मात्र आपण सांगतो, एकटा बस!

पैसा लागत नाही असे आम्ही म्हणत नाही. महाराष्ट्रात २०२४ पासून वर्षाला ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल आणि मागास घटकांतील मुलींना इंजिनियरिंगसारख्या अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. हे हक्काचे आहे, सोडू नका, अर्ज वेळेत भरा. पण फी माफ होणे म्हणजे बियाणे फुकट मिळणे. उगवण झाली की नाही, ते कोण पाहणार? कपाशीत खाडे पडले तर आपण आठ-दहा दिवसांत नांग्या भरतो. पोराचे वर्ष वाया गेल्यावर मात्र निकाल हातात घेऊन रडतो.

म्हणून या मेळाव्यातून तीन कामे घेऊन जा. एक, गावातून कोण कोणत्या कॉलेजात आहे त्याची यादी तालुक्याला द्या. दोन, एका कॉलेजातली आपल्या जिल्ह्याची पाच-सात पोरे-पोरी पहिल्या महिन्यातच एकत्र बसवा. त्यात जातपात पाहू नका. पुढच्या वर्षातल्या एकाला त्यांच्याबरोबर आठवड्यातून दोनदा बसायला सांगा. तीन, पोराचा फोन आला तर ‘मार्क किती?’ हा पहिला प्रश्न विचारू नका. ‘अभ्यासाला कोणाबरोबर बसतोस?’ हे विचारा.

आमचा तो पोरगा आज शेतात आहे. शेतात असणे कमीपणाचे नाही. पण तो स्वतःच्या मर्जीने परतला नाही. पुढच्या पोरावर ती वेळ येऊ द्यायची नाही, एवढेच सांगायला आम्ही उभे राहिलो.