आम्हालाही एटीकेटी हवी

(महाविद्यालयीन तरुण-तरुणींच्या एका शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मघाशी माझी ओळख करून देताना सांगितलं की, या वीस वर्षं शिक्षिका आहेत, घर आणि नोकरी दोन्ही उत्तम सांभाळतात. मला हसू आलं. सकाळी निघाले तेव्हा रात्रीची भांडी तशीच पडली होती. दहा वर्षांपूर्वी ती तशी टाकून माझं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं नसतं. आज पडलं, म्हणून मी इथे वेळेवर पोचले. मला आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

मी मिरजेत वाढले. घरात दखनी, शाळेत मराठी. अकरावीत असताना वक्तृत्व स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला. बक्षीस देताना परीक्षक कौतुकाने म्हणाले, ‘मुसलमान असून मराठी किती शुद्ध!’ त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. टाळ्याही पडल्या. पण मी त्या दिवशी स्वतःला एक नियम घालून घेतला : यापुढे बोलताना एकसुद्धा चूक करायची नाही. कारण माझी चूक माझ्या एकटीची राहणार नव्हती, ती सगळ्या समाजाच्या नावावर लागणार होती.

घरात दुसरा नियम आधीपासून होता. अब्बा म्हणायचे, ‘पढ बेटी, पन किसी को बोलने का मौका नको देना.’ त्यांनी शिकवलं, याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे. पण ते शिक्षण अटीवर होतं. बाहेर चुकले तर समाज बदनाम, घरात चुकले तर कॉलेज बंद. इथे बसलेल्या किती मुलींना ही अट ओळखीची वाटते? हात वर करू नका, मला चेहऱ्यांवर दिसतंय.

लग्नानंतर ही अट घालायला कुणाची गरज उरली नाही, मीच ती पाळत राहिले. रमजानमध्ये सगळ्यांच्या आधी उठून सहरी करायची, मग शाळा, मग परत येऊन इफ्तारीची तयारी. नणंद मदतीला आली तरी मला चालायचं नाही. तिने लाटलेल्या पोळ्या मी गुपचूप खाली घालायचे आणि माझ्या वर ठेवायचे. हे सांगताना लाज वाटते. पण स्वतःला माफ न करणारी बाई दुसरीलाही सहसा माफ करत नाही, हे त्यातून मला कळलं.

आणि कपाटात एक वही होती. मी कथा लिहायचे. ‘अजून जरा नीट करू, मग पाठवू’ असं म्हणत सतरा वर्षं ती वही तिथेच राहिली.

माझे डोळे उघडले ते एका विद्यार्थिनीमुळे. दहावीची पूर्वपरीक्षा होती. वर्गातली हुशार मुलगी, पण मराठीच्या पेपरात निबंधाचं पान कोरं. मी बोलावून विचारलं तर म्हणाली, ‘मॅडम, सुरुवात मनासारखी जमत नव्हती. तुम्हीच म्हणता ना, काहीतरी लिहून पान खराब करू नका.’ मग हळूच म्हणाली, ‘ऐंशी टक्क्यांच्या खाली आले तर अब्बू पुढे शिकवणार नाहीत.’

मला वक्तृत्व स्पर्धेतली मी आठवले. माझ्यावर लादलेला नियम मी वीस वर्षं जपला होता आणि तोच या पोरीच्या हातात दिला होता.

त्यानंतर मी या विषयावर वाचायला लागले. पॉल हेविट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये परिपूर्णतेच्या हट्टाचे तीन प्रकार मांडले. एक, आपण स्वतःकडून ठेवलेली अपेक्षा. दोन, दुसऱ्यांकडून ठेवलेली. आणि तीन, ‘लोकांना मी बिनचूकच हवी आहे’ ही भावना. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातली माहिती तपासली. त्यात तिन्ही प्रकार वाढलेले दिसले, पण सगळ्यात जास्त तिसरा : सुमारे ३३ टक्क्यांनी. तिकडची ही गोष्ट. आपल्याकडे ‘लोक काय म्हणतील’ हे तर पाळण्यापासून ऐकवलं जातं.

म्हणून ‘स्वतःवर प्रेम करा’ एवढं सांगून मी खाली बसणार नाही. हा हट्ट नुसता मनात नसतो, तो घराच्या वाटणीतही असतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. पावणेपाच तासांहून अधिक काम करणाऱ्या बाईला ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणणं सोपं आहे. तिच्या हातातलं लाटणं घेणं अवघड आहे. मागे बसलेल्या भावांनो, हे तुमच्यासाठी.

आपण तर थोर बायकांनाही थकू देत नाही. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेलं पत्र जरूर वाचा. त्या आजारी होत्या, माहेरी नायगावला विश्रांती घेत होत्या. आपल्या मागे फातिमाला किती त्रास पडत असेल, याची त्यांना काळजी होती, आणि ती कुरकुर करणार नाही हा विश्वासही होता. सावित्रीबाई आजारी पडल्या, थांबल्या आणि मैत्रिणीवर काम सोपवू शकल्या. म्हणून त्यांचं काम छोटं झालं का?

आता एटीकेटीबद्दल. तुम्हा सगळ्यांना ती माहीत आहे, काहींना जरा जास्तच! एक-दोन विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसता येतं. आपल्या घरांत मुलाला आयुष्यभराची एटीकेटी असते. तो नापास झाला तर ‘पुन्हा बसेल’, धंदा बुडाला तर ‘दुसरा करेल’. मुलीला मात्र एकच प्रयत्न.

कुणी म्हणेल, मॅडम आळशीपणा शिकवताहेत. तसं नाही. एटीकेटी म्हणजे माफी नव्हे, राहिलेला विषय सोडवावाच लागतो. पण तोपर्यंत तुम्हाला वर्गाबाहेर काढत नाहीत. स्वतःला स्वीकारणं मला असंच वाटतं. चूक मान्य करायची, ती सुधारायची, पण तेवढ्यासाठी स्वतःला बाहेर हाकलायचं नाही.

मी काय केलं? आधी वर्गाची माफी मागितली आणि नियम बदलला : पान कोरं सोडायचं नाही, चुकलं तर काट मारून पुढे लिहायचं. घरी नणंदेच्या पोळ्या वर ठेवल्या. त्या कुणाला वेगळ्या लागल्या नाहीत! वहीतली एक कथा पाठवली, ती परत आली. दुसरी छापून आली, तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या माझ्याच दोन चुका होत्या. कुणाचंही पत्र आलं नाही.

आणि त्या मुलीच्या घरी गेले. तिला दहावीला चौसष्ट टक्के पडले होते. तिच्या अब्बूंना मी एवढंच विचारलं, ‘तुमचा मोठा मुलगा बारावीला किती वेळा बसला?’ ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘फॉर्म कधी भरायचा?’

ती आता बी.कॉम.ला आहे. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. ‘मॅडम, अकाउंट्स राहिला. पुढच्या परीक्षेत काढते.’ आणि हसली.

त्या हसण्यासाठी मी आज भांडी तशीच टाकून आले.