राखलेलं रान कुणासाठी?



शिक्षण, रोजगार, तलाक, घर भाड्याने न मिळणं, एवढे प्रश्न समोर असताना आपल्या व्यासपीठावर जंगलाचा विषय कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. माझं उत्तर साधं आहे. सरकारी जंगल ही सार्वजनिक जमीन आहे, म्हणजे ती तुमची-माझीही आहे. ती राखायची म्हटलं की कुणाला तरी आत घ्यावं लागतं आणि कुणाला तरी बाहेर ठेवावं लागतं. हे कोण ठरवतं आणि कशाच्या आधारावर ठरवतं, हा नागरिकत्वाचाच प्रश्न आहे.

आपल्या परंपरेत यावर एक जुना विचार आहे. अरबस्तानात 'हिमा' म्हणजे राखीव कुरण. इस्लामपूर्व काळात टोळ्यांचे प्रमुख चांगली कुरणं स्वतःच्या जनावरांसाठी अडवून ठेवत. पैगंबरांनी ही खासगी मक्तेदारी मोडली. यापुढे कुरण राखायचं तर ते सार्वजनिक कामासाठीच, असा दंडक घातला. मदिनेभोवतीचा परिसर त्यांनी हरम ठरवला. तिथे झाड तोडायला आणि शिकार करायला मनाई होती.

पुढे हजरत उमर यांनी हिमावर हुनय्य नावाचा रखवालदार नेमला. त्याला दिलेल्या सूचना बुखारींच्या हदीससंग्रहात आहेत. त्यांचा आशय असा : लोकांशी नरमाईने वाग. ज्याच्याकडे थोडेच उंट, थोड्याच शेळ्या-मेंढ्या आहेत त्याला आत येऊ दे. अब्दुर्रहमान इब्न औफ आणि उस्मान इब्न अफ्फान यांच्या कळपांना मात्र सवलत देऊ नकोस. त्यांची जनावरं मेली तरी त्यांच्याकडे शेती आहे, खजुराच्या बागा आहेत. गरिबाची जनावरं मेली तर तो मुलाबाळांना घेऊन माझ्या दारात येईल.

लक्षात घ्या, ही दोन्ही नावं अगदी जवळच्या, मातब्बर सहाबांची आहेत. उमर पुढे असंही म्हणतात की आपण या लोकांवर अन्याय केला असं त्यांना वाटतं, कारण जमीन त्यांचीच आहे. राखण करणाराच कबूल करतो की अडवलेली जमीन लोकांची आहे! आपल्या किती वनाधिकाऱ्यांच्या तोंडून असं ऐकायला मिळतं?

आता भारतात येऊ. सलीम अलींचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्म १८९६, मुंबई, सुलेमानी बोहरा कुटुंब. अलिबागजवळच्या किहीमला त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला, तो जगभर गाजला. आपल्याकडे त्यांचा फोटो लावून 'बघा, आपला माणूस' एवढं म्हणायची पद्धत आहे. ते पुरेसं नाही. त्यांचं काम तपासूनही बघायला हवं.

राजस्थानातलं भरतपूर ही संस्थानिकांची बदकांच्या शिकारीची जागा होती. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात चार हजारांहून जास्त पक्षी मारले गेले. ही पाणथळ जागा वाचवण्यात सलीम अलींचा मोठा वाटा आहे. १९८२ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि गुरं चारायला पूर्ण बंदी आली. गुरं आणि गुराखी बाहेर ठेवावेत असा सलीम अलींचाही आग्रह होता. पिढ्यान्‌पिढ्या तिथे म्हशी चारणाऱ्या गावकऱ्यांनी विरोध केला. पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसं मेली.

मग काय झालं? म्हशी उथळ पाण्यात शिरून एक प्रकारचं गवत खायच्या. त्या गेल्यावर ते गवत बेसुमार वाढलं. मोकळं पाणी कमी झालं, मासे कमी झाले आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते पाणपक्षीही कमी झाले. हे शोधून काढलं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी, म्हणजे सलीम अलींच्याच संस्थेने. आपल्याच थोर माणसाच्या आग्रहाविरुद्ध जाणारा निष्कर्ष संस्थेने मांडला, याचं मला फार कौतुक वाटतं. नंतर गावकऱ्यांना आत येऊन गवत कापून न्यायची परवानगी मिळाली. गोळीबाराच्या आधी त्यांना कुणी विचारलं असतं तर!

याचा अर्थ सगळी जंगलं गुरांसाठी खुली करा असा नाही. उमर यांनीही मोठे कळप बाहेरच ठेवले होते.

भरतपूरसारखाच प्रश्न आज वनगुज्जरांसमोर आहे. हे मुस्लिम पशुपालक. हिवाळ्यात शिवालिकच्या जंगलात, उन्हाळ्यात हिमालयातल्या उंच कुरणांवर. म्हशी, दूध आणि 'डेरा' म्हणजे माती-गवताचं घर, एवढाच संसार. राजाजी राष्ट्रीय उद्यान करायचं ठरलं तेव्हा त्यांना बाहेर काढायचं ठरलं. काही कुटुंबांना हरिद्वार जिल्ह्यात पथरी आणि गैंडीखाता इथे जमिनी मिळाल्या, बाकीची लटकत राहिली. चाऱ्यासाठी ते झाडांच्या फांद्या छाटतात, त्याने जंगलाचं नुकसान होतं, असा वनखात्याचा आक्षेप आहे. त्यावर अभ्यास होऊ शकतो, नियम होऊ शकतात. पण २०२० मध्ये कोरोनाच्या अफवा पसरवून त्यांचं दूध घेणं बंद करण्यात आलं, तेव्हा झाडांचा प्रश्न कुठे होता?

२०२३ मध्ये उत्तराखंड सरकारने वनजमिनीवरच्या शेकडो मजारी पाडल्या आणि त्याला 'लँड जिहाद'विरोधी कारवाई म्हटलं. इथे आपण सावध राहायला हवं. संरक्षित जंगलात नवं काँक्रीट कुणीही ओतलं तरी ते चूकच, मग ते मजारीचं असो, मंदिराचं असो किंवा रिसॉर्टचं. आपली मजार आहे म्हणून तिची वकिली करायचं कारण नाही. गडा-डोंगरांवरच्या दर्ग्यांत उरुसानंतर प्लास्टिकचा जो खच पडतो, तोही आपलाच आहे. पण अतिक्रमणाचा नियम धर्म बघून लागू होत असेल, तर त्याला वनसंरक्षण म्हणता येणार नाही.

आपल्या हातात काय आहे? २००६ चा वनहक्क कायदा. त्यात भटक्या पशुपालकांचा चराईचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. गावाला सामूहिक जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे, तसंच वन्यजीवांचं रक्षण करण्याची जबाबदारीही आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हा हक्क मिळवला. बांबू कधी तोडायचा, किती तोडायचा, हे तिथली ग्रामसभा ठरवते.

हा कायदा फक्त आदिवासींसाठी आहे, असा गैरसमज आपल्याकडे आहे. 'इतर पारंपरिक वननिवासी' यांनाही तो लागू आहे. त्यात मुस्लिम कुटुंबंही येतात. अट कडक आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, प्रामुख्याने त्या जंगलात राहिल्याचा आणि उपजीविकेसाठी त्यावर अवलंबून असल्याचा पुरावा द्यावा लागतो. उत्तराखंडात वनगुज्जर अनुसूचित जमातीत नाहीत, म्हणून ही अट त्यांनाही लागते. फिरत्या माणसाकडे इतके जुने कागद कुठून येणार, असं वाटून पुष्कळजण दावाच करत नाहीत. पण नियम नीट वाचा. फक्त सरकारी कागदच चालतात असं नाही. दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो. वंशावळ चालते. गुरांचे पाणवठे आणि चराईच्या पारंपरिक जागा चालतात. दफनभूमीही चालते.

तुमच्यातले पुष्कळजण कायद्याचे, समाजकार्याचे विद्यार्थी आहात. आपल्या तालुक्यात जंगलाला लागून असलेली गावं कोणती, तिथे कुणाचे दावे पडून आहेत, कुणी अजून केलेच नाहीत, याची यादी करा. दावा आधी ग्रामसभेत जातो, मग उपविभागीय समितीकडे, मग जिल्हा समितीकडे. वडीलधाऱ्यांचे जबाब मात्र आत्ताच लिहून घ्या. ७५ वर्षांचं सांगू शकणारी माणसं आता थोडीच उरली आहेत.