ठेव कुणाच्या भरवशावर?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि लग्नानंतरचा माझा सारा हिशेब दूधवाला, वाणी आणि मुलांची फी एवढ्यातच फिरला. परंतु मागच्या बैठकीत बुडालेल्या बँकांवरून जो वाद झाला तो आपणां सर्वांना आठवत असेलच. एकीचे म्हणणे, "व्याजाच्या लोभाने पैसे ठेवले, ते बुडाले. आता सरकारने का भरून द्यावेत? सरकारचे पैसे म्हणजे तुमचे-आमचेच ना?" दुसरी म्हणाली, "परवाना वरून मिळालेला, तर बुडाल्यावर भरपाईही वरूनच यायला हवी." चहा गार झाला, पण वाद काही मिटला नाही. तेव्हा अध्यक्षबाईंनी हा विषय माझ्या पदरात टाकला. मी थोडे स्वतः वाचले, थोडे मुलाकडून वाचून घेतले, आणि जे कळले ते आपणांपुढे मांडते.

पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचे उदाहरण आपल्या सर्वांच्या ऐकण्यातले आहे. २०१९ च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने त्या बँकेवर निर्बंध घातले. खात्यातून काढता येतील फक्त १,००० रुपये. तेही महिन्याला नव्हे, सहा महिन्यांत! पुढे ही मर्यादा वाढत वाढत २०२० च्या जूनपर्यंत १ लाखावर आली. पण ज्या घरात लग्न ठरले होते, ज्या घरात दुखणे होते, त्यांनी मधले दिवस कसे काढले असतील याची कल्पना आपणां बायकांना सांगावी लागत नाही. दिवाळीही तोंडावर होती.

आता त्या ठेवीदारांची चूक कोणती? बँकेच्या कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम व्यावसायिकाच्या कंपन्यांना गेली होती. ती लपविण्यासाठी २१ हजारांवर खोटी खाती दाखविली, असे पोलिसांत केलेल्या तक्रारीत म्हटले आहे. दरवर्षी हिशेबतपासनीस येत होते, सह्या करीत होते. त्यांना जे दिसले नाही, ते हातात भाजीची पिशवी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईला दिसायला हवे होते काय? डाळ निवडून घ्यावी हे खरे, पण पोत्याच्या तळाशी काय आहे ते वाण्यालाच ठाऊक. ते पाहण्यासाठी ज्यांना नेमले, जबाबदारी त्यांची. म्हणून "लोभ केला, आता भोगा" हे बोलणे मला तरी कठोर वाटते.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. २०२० च्या ५ मार्चला येस बँकेवर निर्बंध आले. तिथे मर्यादा ५०,००० रुपयांची होती. स्टेट बँक आणि आणखी काही बँकांनी मिळून १० हजार कोटी रुपये भांडवल घातले आणि १८ मार्चला व्यवहार पूर्ववत सुरू झाले. तेरा दिवस! सहकारी बँकेच्या ठेवीदारांना मात्र २०२२ च्या जानेवारीपर्यंत थांबावे लागले. तेव्हा ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, आणि ज्यांच्या ठेवी ५ लाखांवर होत्या त्यांची वरची रक्कम दहा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने देण्याचे ठरले. सत्तरीच्या आजीबाईंना दहा वर्षांचा वायदा! मोठे झाड पडले तर शेजारची घरेही मोडतात, म्हणून त्याला आधी टेकू द्यावा लागतो, हे मला समजते. पण लहान झाडाखालीही माणसेच राहतात ना?

इतके बोलले तरी सगळे सरकारने भरावे या मताची मी नाही. माझ्या माहेरी शेती आहे. माझा भाऊ पीककर्जाचा हप्ता कधी चुकवीत नाही. एका वर्षी दुभती म्हैस विकून त्याने पैसे भरले. २०१७ साली राज्यात दीड लाखापर्यंतची थकबाकी माफ झाली आणि नियमित फेडणाऱ्यांना २५ हजारांपर्यंत प्रोत्साहनाची रक्कम ठेवली. पारावरची मंडळी त्याला हसली. "भरलेस कशाला रे? थांबला असतास तर!" खरोखर नडलेल्या शेतकऱ्याला हात दिलाच पाहिजे. पाऊस काही कुणाच्या हातात नसतो. पण फेडणारा खुळा ठरू लागला की दुसऱ्या वर्षी फेडणारे कमी होतात. वहिनी तर अजून त्या म्हशीची आठवण काढते.

मग मार्ग कोणता? तो जुनाच आहे, फक्त आपल्याला नीट माहीत नसतो. १९६० साली पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक अशा दोन बँका बुडाल्या. त्यानंतर ठेवींच्या विम्याचा कायदा झाला आणि १९६२ च्या जानेवारीपासून हा विमा सुरू झाला. तेव्हा संरक्षण होते १,५०० रुपयांचे. १९९३ साली ते १ लाख झाले आणि पुढे सत्तावीस वर्षे तिथेच राहिले. या काळात तेला-तुपाचे भाव कुठल्या कुठे गेले! शेवटी २०२० च्या फेब्रुवारीत ते ५ लाख झाले, आणि २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत ही रक्कम देण्याचे बंधन आले. त्याचा हप्ता ठेवीदाराने नव्हे, बँकेने भरायचा. २०२० साली तो शंभर रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला १२ पैसे असा ठरला होता. म्हणजे हे पैसे घेताना मान खाली घालण्याचे कारण नाही. ही भीक नव्हे, आधी भरलेल्या हप्त्याचा मोबदला आहे.

पण यातले बारकावे आपण पाहायला हवेत, आणि इथे मात्र जबाबदारी आपली. हे ५ लाख मुद्दल आणि व्याज मिळून. एकाच बँकेच्या दोन शाखांत एकाच नावाने पैसे ठेवले तर दोन्हींची बेरीज होते. बँकाच वेगळ्या असल्या तर विमा वेगळा. जोडखात्यात आधी यजमानांचे नाव नि मग आपले, आणि दुसऱ्या खात्यात आधी आपले नि मग त्यांचे, असे असेल तर ती खाती निराळी धरतात. (हे मी घरी सांगितले तेव्हा आमच्याकडे पहिल्यांदाच माझे नाव आधी लागले!)

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पतसंस्था ही बँक नव्हे. नागरी सहकारी बँकेला हा विमा लागू असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. आपल्या गल्लीत दोन्हींच्या पाट्या एका रंगाच्या, आणि पतसंस्थेचा गोळा करणारा मुलगा रोज दारात येतो, गोड बोलतो, म्हणून आपल्याला सगळे सारखेच वाटते. पतसंस्था वाईट असे मी म्हणत नाही. अनेकींची शिलाईयंत्रे तिच्याच कर्जावर आली. पण म्हातारपणाची सारी पुंजी तिथे एकगठ्ठा ठेवू नये. आणि आपल्या भिशीला तर कसलाच विमा नाही. ती एकमेकींच्या शब्दावर चालते.

अध्यक्षबाईंच्या परवानगीने येत्या मंगळवारी दुपारी तीन वाजता मंडळाच्या खोलीत बसायचे ठरविले आहे. ज्यांना आपली ठेव बँकेत आहे की पतसंस्थेत, विमा किती आणि वारस म्हणून कुणाचे नाव लावले आहे हे पाहायचे असेल त्यांनी पासबुक आणि ठेवपावत्या घेऊन यावे. रक्कम दाखवायची नसेल तर त्यावर बोट ठेवावे. आम्ही फक्त संस्थेचे नाव वाचू. चष्मा मात्र विसरू नये.