स्वप्नातील आज्ञा आणि जागेपणीचे लेखन



इसवी सन १८८५ मध्ये कलकत्त्याच्या ठाकूर घराण्यातून ‘बालक’ नावाचे मुलांचे मासिक निघू लागले. रवीन्द्रनाथांच्या वहिनी ज्ञानदानंदिनी देवी या त्याच्या संपादिका. मासिक घरचेच असल्यामुळे त्याची पाने भरण्याचा भार चोवीस वर्षांच्या रवीन्द्रनाथांवर बराचसा येऊन पडला. एकदोन अंक निघाल्यानंतर ते राजनारायण बसू यांना भेटण्यासाठी देवघरला गेले. परतताना रात्रीच्या आगगाडीला गर्दी होती, डब्यातील दिवा नेमका डोळ्यांवर येत होता, आणि झोप लागत नव्हती. झोप नाही तर निदान ‘बालक’साठी एखादी गोष्ट तरी रचावी, असे त्यांनी मनाशी ठरविले. गोष्ट काही केल्या सुचेना. झोप मात्र लागली.

त्या झोपेत त्यांना एक मंदिर दिसले. मंदिराच्या पायऱ्यांवर बळीच्या रक्ताचे डाग होते. एक लहान मुलगी ते पाहून कासावीस झाली होती आणि हे रक्त कसले, असे आपल्या वडिलांना पुन्हा पुन्हा विचारीत होती. वडीलही आतून हलले होते; पण वरवर रागाचा आव आणून ते मुलीचा प्रश्न दडपू पाहत होते. जाग येताच रवीन्द्रनाथांच्या लक्षात आले की, हवी असलेली गोष्ट हाती आली आहे. पुढे ‘जीवनस्मृति’मध्ये हा प्रसंग सांगताना, स्वप्नात मिळालेले असे आपले आणखीही लेखन आहे, अशी कबुली त्यांनी दिली.

लेखनाची प्रेरणा कोठून येते, हा प्रश्न नवोदित लेखक ज्येष्ठांना सतत विचारीत असतात, आणि त्यांपैकी अनेकांच्या मनात उत्तर आधीच तयार असते: ती वरून येते, आपण वाट पाहायची. आगगाडीतील हे स्वप्न या समजुतीचा उत्तम पुरावा म्हणून सांगता येईल. परंतु त्या रात्री खरोखर काय मिळाले? एक दृश्य आणि त्यातील एक अनुत्तरित प्रश्न. कथा मिळाली नाही, पात्रे मिळाली नाहीत, शेवट तर मुळीच मिळाला नाही. या गोष्टीकडे पुन्हा यायचे आहे. त्याआधी भारतीय साहित्यातील एका जुन्या प्रथेकडे वळणे आवश्यक आहे. कारण स्वप्न आणि काव्य यांचा संबंध आपल्याकडे इंग्रजी राजवटीत प्रथम जुळला, असे मुळीच नाही.

विजयनगरचा सम्राट कृष्णदेवराय (राज्यकाल १५०९ ते १५२९) कलिंगावर स्वारीस निघाला असता वाटेत श्रीकाकुळम येथे थांबला. हे श्रीकाकुळम म्हणजे आंध्र प्रदेशाच्या उत्तर टोकाचे जिल्ह्याचे ठिकाण नव्हे. ते कृष्णेच्या काठचे, आंध्रविष्णूच्या देवालयाचे गाव. राजाने तेथे एकादशीचा उपवास केला आणि त्याच रात्री चौथ्या प्रहरी आंध्रविष्णू त्याच्या स्वप्नात आला. राजाने तोवर संस्कृतात अनेक ग्रंथ रचले होते. देवाने त्यांचा कौतुकाने उल्लेख केला आणि विचारले की, आमच्यासाठी तेलुगूत एक काव्य रचणे तुला जमणार नाही काय? विषयही त्यानेच नेमून दिला. तो म्हणजे श्रीरंगनाथाशी झालेला गोदेचा विवाह. ‘आमुक्तमाल्यदा’ या महाकाव्याच्या आरंभी राजाने स्वतः हा वृत्तांत दिला आहे.

येथे स्वप्नाने कल्पना पुरविली, असे म्हणणे अपुरे ठरेल. गोदा म्हणजेच आंडाळ. तिची कथा श्रीवैष्णवांच्या घरोघरी ठाऊक होती. स्वतः आंडाळने आपल्या विवाहाचे वर्णन स्वप्न म्हणूनच केले आहे, आणि ती तमिळ पदे वैष्णवांच्या विवाहसमारंभात आजही गायिली जातात. राजाला कथा नको होती; त्याला हवी होती ती अनुज्ञा. ज्या सम्राटाच्या दरबारात संस्कृतची प्रतिष्ठा निर्विवाद होती, त्याने देशभाषेत का लिहावे, या प्रश्नाचे उत्तर देवाच्या तोंडून आले. भाषेची निवड हा त्या स्वप्नाचा गाभा आहे.

सम्राटाचे ठीक आहे. त्याला कोण अडविणार होते? बंगालमधील मुकुंदराम चक्रवर्ती या कवीचे स्वप्न याहून अधिक बोलके आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील हा ब्राह्मण कवी दामुन्या गावचा. महसूल वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याचा जुलूम असह्य झाला तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांचे गाव सोडून तो बायकामुलांसह निघाला. वाटेत एका तळ्याकाठी मुक्काम पडला. स्नानाला तेल नव्हते. पोटाला पाण्याखेरीज काही नव्हते. लहान मूल भातासाठी रडत होते. तळ्यातील कमळाच्या जातीची फुले वाहून कवीने देवपूजा उरकली आणि भूक, भय व थकवा यांनी ग्रासलेला तो तेथेच झोपी गेला. त्या झोपेत चंडीदेवीने दर्शन देऊन त्याला आपले मंगलकाव्य रचण्याची आज्ञा केली.

काव्य लगेच लिहून झाले नाही. मेदिनीपूर भागातील आरडा येथे बांकुडा राय यांनी कवीला धान्य दिले आणि आपल्या मुलाचा शिक्षक म्हणून ठेवून घेतले. मधला काळ पोट सावरण्यात गेला. प्रवासातील एका सोबत्याला त्या स्वप्नाची हकीकत माहीत होती. तो कवीला तिची आठवण देत राहिला. अखेर तो विद्यार्थी रघुनाथ स्वतः सत्ताधीश झाल्यावर त्याच्या आग्रहाने ‘चंडीमंगल’ पूर्ण झाले. देवीची आज्ञा असूनही एका मित्राच्या तगाद्याची आणि एका आश्रयदात्याची गरज पडलीच. लेखनाचा धंदा करणाऱ्या कोणालाही हा तपशील खोटा वाटणार नाही.

आता एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्तही आहे. बंगालच्या मंगलकाव्यांत स्वप्नादेश हा ठरलेला संकेत आहे. देवतेला पृथ्वीवर आपली पूजा रूढ करावयाची असते, म्हणून ती कवीच्या स्वप्नात येते. पुष्कळ कवींनी हेच लिहिले आहे. मग मुकुंदरामाचे स्वप्न खरे कशावरून? ते खरे होते की नाही, हे ठरविण्याचे साधन कोणाजवळ नाही. परंतु संकेत सर्वांचा असला तरी त्या संकेताभोवती कवीने काय ठेवले, हे पाहता येते. या कवीने देवीच्या आगमनाच्या आधी रडणारे मूल ठेवले. आणि काव्यात पुढे काय आले? व्याध काळकेतूच्या शिकारीने त्रस्त झालेले वनातील पशू देवीपुढे गाऱ्हाणे मांडतात, तेव्हा अस्वल म्हणते की, आपण ना वतनदार, ना जमीनदार. मग आपल्यावर हे संकट का? व्याधाची बायको फुल्लरा वर्षाच्या बारा महिन्यांचे दारिद्र्य महिन्यामहिन्याने सांगते. हे स्वर्गातून आलेले साहित्य नव्हे. दामुन्याहून निघालेल्या वाटेवर जे दिसले होते, तेच देवीच्या अनुज्ञेने काव्यात शिरले.

स्वप्नातील अनुज्ञेची सर्वांत जास्त किंमत मोजावी लागली ती बहुधा बहिणाबाईंना. या संत कवयित्रीचा काळ १६२८ ते १७००. जन्म वेरूळजवळच्या देवगावचा. लग्न बालपणीच, वयाने पुष्कळ मोठ्या असलेल्या वैदिक ब्राह्मणाशी. कोल्हापूरच्या मुक्कामात कीर्तनांतून तुकारामांचे अभंग त्यांच्या कानी पडले. घरचे लाडके वासरू मेले तेव्हा त्या शोकाने निपचित पडून राहिल्या आणि त्या अवस्थेत, ज्यांना कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते त्या तुकारामांनी स्वप्नात येऊन त्यांना उपदेश केला. (तुकारामांना स्वतःलाही गुरूपदेश स्वप्नातच झाला होता, आणि नामदेवांनी विठ्ठलासह स्वप्नात येऊन आपल्याला कवित्वाचे काम सांगितले, असे त्यांनी अभंगात नमूद केले आहे.) ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करावे, हे पतीला सहन होणारे नव्हते. त्यांनी मारहाण केली. बहिणाबाईंनी हे सर्व आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगितले आहे. जागेपणीच्या जगात पती, शास्त्र, जात यांपैकी कोणीही जी परवानगी दिली नसती ती त्यांना झोपेत मिळाली. आणि जागे झाल्यावर ती त्यांनी परत केली नाही. पुढे कुटुंब देहूला गेले, तुकारामांचे दर्शन घडले, पतीचाही विरोध मावळला. पण अभंगांचा आरंभ त्या स्वप्नातला.

आपल्या शास्त्रकारांनी स्वप्नाला अवाजवी महत्त्व दिले नाही, हेही सांगितले पाहिजे. प्रशस्तपादांनी स्वप्नाची तीन कारणे मानली: संस्कारांची तीव्रता, शरीरातील धातूंचा बिघाड आणि अदृष्ट. म्हणजे ज्याचा ध्यास घेऊन माणूस झोपतो ते तरी दिसते, नाही तर पित्त वाढलेले असते; उरलेले दैवाकडे. बृहदारण्यक उपनिषदात म्हटले आहे की, स्वप्नात रथ नसतात, घोडे नसतात, रस्ते नसतात. आत्मा ते निर्माण करतो. परंतु त्याच ठिकाणी असेही सांगितले आहे की, या निर्मितीसाठी तो जागृत जगातील द्रव्यच बरोबर घेऊन जातो. याहून अधिक नेमके विधान प्रेरणेविषयी क्वचितच कोणी केले असेल.

आणि लेखनाची व्यवहारी बाजू पाहायची तर राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ उघडावी. इसवी सन ९००च्या सुमारास कनोजच्या दरबारात असलेल्या या कवीने कवीचा दिवस प्रहरांत वाटून दिला आहे. सकाळी पहिल्या प्रहरी शास्त्रांचा अभ्यास, दुसऱ्या प्रहरी रचना, दुपारनंतर काव्यगोष्ठी, चौथ्या प्रहरी सकाळच्या रचनेची परीक्षा. कारण तो स्पष्ट देतो: रसाच्या आवेशात लिहिताना विवेकाची दृष्टी उघडी नसते, म्हणून नको ते काढावे, उणे ते भरावे, विसरले ते आठवावे. रात्रीच्या मधल्या दोन प्रहरांत चांगली झोप घ्यावी; चौथ्या प्रहरी प्रयत्नपूर्वक जागे व्हावे, कारण ब्राह्ममुहूर्ती प्रसन्न झालेल्या मनाला निरनिराळे अर्थ प्रत्यक्ष दिसू लागतात. कवीजवळ पेटी, फळा, खडू, ताडपत्रे, भूर्जपत्रे, लेखण्या आणि शाई सदैव असावी, असेही तो सांगतो. पहाटे दिसलेले धरून ठेवण्याची ही तरतूदच म्हणावी लागेल. आणखी एक गोष्ट तो जाता जाता सांगतो: स्त्रियाही पुरुषांप्रमाणेच कवी होऊ शकतात, कारण संस्कार हा आत्म्याशी निगडित असतो, त्याला स्त्री-पुरुष असा भेद लागत नाही. बहिणाबाईंच्या सातशे वर्षे आधी हे लिहिले गेले होते. त्यांच्या घरी ते कोणी वाचले नव्हते, एवढेच.

पाश्चात्त्यांकडील कोलरिजचे उदाहरण येथे अनेकांना आठवेल. १८१६ मध्ये ‘कुब्ला खान’ छापताना त्याने लिहिले की, संपूर्ण काव्य झोपेत स्फुरले होते. लिहून काढीत असता कोणी कामासाठी आले आणि बाकीचे हरवले. त्याच काव्याच्या एका हस्तलिखितावरील टिपणात मात्र झोपेचा उल्लेख नसून अफूच्या अमलाखालील तंद्रीचा आहे. त्या आगंतुकाला दीड-दोनशे वर्षे दोष दिला जात आहे. परंतु मुकुंदरामाच्या वाट्याला त्याहून वाईट पाहुणे आले होते, आणि त्याचे काव्य पुरे झाले.

आता पुन्हा रवीन्द्रनाथांकडे. त्यांच्या स्वप्नात देव आला नाही, आज्ञा झाली नाही. उलट देवाच्याच पायरीवर उभे राहून एक मूल प्रश्न विचारीत होते. ते दृश्य ठेवायला त्यांना एक जागा हवी होती. ती त्यांना त्रिपुराच्या इतिहासात, सतराव्या शतकातील राजा गोविंदमाणिक्य याच्या चरित्रात सापडली. त्रिपुरा त्यांनी तेव्हा पाहिलेही नव्हते. त्यांनी तेथील महाराजा वीरचंद्र माणिक्य यांना पत्र लिहून माहिती मागविली. ‘राजर्षि’ ही कादंबरी ‘बालक’मध्ये क्रमशः येऊ लागली आणि १८८७ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. स्वप्नातील मुलीला त्यांनी हासी हे नाव दिले. रक्ताचा प्रश्न ओठांवर असतानाच ती तापाने जाते, आणि राजा बलिदान बंद करतो. पुरोहित रघुपती त्याच्याविरुद्ध उभा राहतो.

येथे एखादा दुसरा लेखक थांबला असता. रवीन्द्रनाथांनी त्याच कथेतून १८९० मध्ये ‘विसर्जन’ हे नाटक रचले आणि नंतरही त्यावर हात फिरविला. नाटकाच्या रूढ पाठात हासी नाही. जिच्यासाठी सर्व काही सुरू झाले ती आगगाडीतील मुलगीच कवीने बाजूला केली. तिच्या जागी अपर्णा नावाची भिकारीण आली, जिचे पाळलेले करडू बळीसाठी ओढून नेले जाते. आणि रघुपतीने वाढविलेला तरुण जयसिंह अखेर देवीला राजरक्त म्हणून स्वतःचेच रक्त देतो. मुलीचा प्रश्न आता कोणा एकाच्या तोंडी उरला नाही. तो राजाच्या, अपर्णेच्या, जयसिंहाच्या आणि सरतेशेवटी मूर्ती नदीत फेकून देणाऱ्या रघुपतीच्याही वाट्याला आला. स्वप्नाशी अशी बेइमानी करण्याचे धैर्य ज्याच्यापाशी नसते, त्याच्या वहीत स्वप्ने पुष्कळ जमतात, इतकेच.

सुरुवातीच्या प्रयोगांत रवीन्द्रनाथ रघुपतीची भूमिका करीत. १९२३ मध्ये कलकत्त्याला ‘विसर्जन’ पुन्हा रंगभूमीवर आले तेव्हा त्यांनी जयसिंहाची भूमिका घेतली. त्यांचे वय त्या वेळी बासष्ट होते. पायऱ्यांवरील रक्ताचा प्रश्न झोपेत ऐकल्याला अडतीस वर्षे होऊन गेली होती, आणि दाढी पांढरी झालेला तो माणूस विशीतल्या तरुणाच्या वेषात, दिव्यांच्या उजेडात तो अजून विचारीत होता.