पहिली कुदळ पडण्याआधी

स्वतःच्या जागेवर घर बांधताना सर्वांत महत्त्वाचे निर्णय पहिली कुदळ पडण्याआधीच घ्यावे लागतात.

सुरुवात कागदांपासून करा. सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका, फेरफार नोंदी, मोजणीचा नकाशा आणि बांधकाम परवानगी हाती आल्याशिवाय विटा-सिमेंट मागवू नका.

मग माती पाहा. मराठवाडा-विदर्भातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया त्याच थरात ठेवला, तर भिंतींना तडे जातात. म्हणून चाचणीचे खड्डे घेऊन घट्ट मुरूम किंवा खडक किती खोल आहे ते तपासा. पायाची रचना अभियंत्याकडूनच करून घ्या.

ऊन-पावसाचाही विचार करा. पश्चिमेच्या उन्हाने भिंती तापतात. त्या बाजूला झोपायच्या खोलीऐवजी जिना किंवा न्हाणीघर ठेवा. कोकणात उतरतं छप्पर आणि पुढे आलेल्या वळचणी भिंतींना ओलीपासून वाचवतात.

100 चौरस मीटर छतावर 700 मिलिमीटर पाऊस म्हणजे 70 हजार लिटर पाणी. ते साठवायची टाकी किंवा शोषखड्डा नकाशातच दाखवा. शौचालयाची टाकी विहीर-बोअरवेलपासून दूर ठेवा.

शेवटी, ठेकेदाराशी करार लेखीच करा आणि प्रत्येक हप्ता कामाच्या पूर्ण झालेल्या टप्प्याशी जोडा. खोल्यांची अदलाबदल कागदावर सोपी असते, बांधकाम सुरू झाल्यावर महाग पडते. तेव्हा घरातल्या सगळ्यांना, विशेषतः आजी-आजोबांना विचारूनच नकाशा पक्का करा.