दोन मॅकॅस्किल आणि एक बुडालेलें गांव

स्कॉटलंडच्या पश्चिमेस स्काय नांवाचें एक बेट आहे आणि त्या बेटावर डनव्हेगन नांवाचें खेडें आहे. तेथें १९८९ सालीं एक छोटेखानी संग्रहालय उघडण्यांत आलें. तें अँगस मॅकॅस्किल नांवाच्या एका विलक्षण उंच माणसाच्या स्मरणार्थ होतें. १८२५ सालीं जन्मलेला हा अँगस लहानपणींच आईबापांबरोबर कॅनडांतील केप ब्रेटन बेटावर गेला आणि वाढतां वाढतां सात फूट नऊ इंचांवर पोंचला. एवढ्या उंचीच्या माणसाला जग स्वस्थ थोडेंच बसूं देणार! १८४९ च्या सुमारास खेळवाल्यांनीं त्याला गांठलें आणि मुलुखोमुलुखीं फिरविलें. टॉम थंब या जगप्रसिद्ध बुटक्याच्या शेजारीं त्याला उभें करीत. एकाच्या उंचीनें दुसऱ्याचें खुजेपण खपे. पुढें तो घरीं परतला, पिठाची गिरणी व दुकान चालवूं लागला आणि १८६३ सालीं वारला.

ज्या गृहस्थांनीं हें संग्रहालय उघडलें, त्यांच्या मुलाचें नांव डॅनी मॅकॅस्किल. संग्रहालय उघडलें त्या वेळीं तो अवघा तीन वर्षांचा होता. पुढें त्यानेंहि देशोदेशीं नवल दाखविण्याचाच धंदा पत्करला. मात्र हें नवल तो सायकलवर बसून, किंबहुना न बसतांच, करून दाखवितो.

प्रथम तो एडिंबरो शहरांत सायकलच्या एका दुकानांत दुरुस्तीचें काम करी. बिऱ्हाडांतील सोबत्यानें कित्येक महिने खपून त्याच्या कसरतींचें चित्रण केलें आणि एप्रिल २००९ मध्यें तें साडेपांच मिनिटांचें चित्र इंटरनेटवर ठेवलें. टोकदार गजांच्या लोखंडी कुंपणावर, त्या गजांच्या टोकांवरूनच, हा तरुण सायकल हांकतो आहे हें दृश्य लाखों लोकांनीं पाहिलें. दुकानांतली नोकरी सुटली. आश्रयदाते पुढें आले, त्यांत रेड बुल ही पेय विकणारी ऑस्ट्रियन कंपनी प्रमुख. तेव्हांपासून त्याच्या शिरस्त्राणावर तिचें चिन्ह झळकूं लागलें, आणि जेथें तो जाईल तेथें तें चिन्हहि जाऊं लागलें.

त्याची कसरतीची सायकलहि पाहण्यासारखी आहे. चाकें चोवीस इंची, म्हणजे डोंगरांत नेण्याच्या नेहमींच्या सायकलीपेक्षां लहान. बैठक इतकी खालीं कीं ती असून नसल्यासारखीच. उडी घेतांना स्वार आधीं गुडघे व कोपरे वांकवून दबतो, मग अंग मागें झोंकून हँडल ओढतो. पुढचें चाक उचललें जातें. त्याच क्षणीं तो पायांवर ताठ होतो आणि हँडल पुढें लोटतो, तशी मागचें चाक पायांखालून वर येतें. ऐकावयास हें सोपें वाटतें. परंतु साधलेल्या एका उडीमागें न साधलेल्या किती असतात! डॅनीची हांसळी मोडलेली आहे आणि पाठीवर शस्त्रक्रियाहि झालेली आहे. अँगसला पुष्कळदां नुसतें उभें राहिल्याचे पैसे मिळत. याला पडणें सोसून मग न पडल्याचे मिळतात.

अशाच एका जाहिरातीच्या चित्रासाठीं तो अर्जेंटिनाला गेला. हें चित्र २०१४ सालीं प्रसिद्ध झालें.

ब्यूनस आयर्स प्रांताच्या नैर्ऋत्येस एपेक्वेन नांवाचें सरोवर आहे. सरोवरांच्या एका सांखळीच्या अगदीं शेवटीं तें पडल्यामुळें पाणी त्यांत येतें, पण पुढें जाण्यास त्याला वाट नाहीं. म्हणूनच तें अतिशय खारें आहे. त्या पाण्यांत स्नान करणें प्रकृतीस हितकर, अशी त्याची ख्याति होती. त्यामुळें कांठीं गांव वसलें, आगगाडी आली, हॉटेलें उभीं राहिलीं आणि उन्हाळ्यांत पाहुण्यांची झुंबड उडूं लागली. पुढें अतिवृष्टीचीं वर्षें लागलीं. सरोवर फुगलें. गांवाच्या रक्षणासाठीं मातीचा बांध घालण्यांत आला होता, तो १० नोव्हेंबर १९८५ रोजीं फुटला. प्राणहानि झाली नाहीं. सामानसुमान गाड्यांवर घालून लोक निघून गेले. पाणी मात्र वर्षानुवर्षें चढतच राहिलें आणि कांहीं ठिकाणीं दहा मीटरपर्यंत पोंचलें. बांध फुटून दीड महिनाहि झाला नव्हता तोंच, तिकडे स्कॉटलंडांत, डॅनीचा जन्म झाला.

२००९ च्या सुमारास पाणी ओसरूं लागलें, तेव्हां आंतून जें निघालें तें गांव म्हणण्याजोगें नव्हतें. मिठानें पांढरीं पडलेलीं वठलेलीं झाडें, छपरावांचून भिंती आणि कोठेंच न पोंचणारे जिने! कसरतपटूला याहून चांगलें रंगण मिळणें कठीण. पण जी भिंत त्याला उडीचा ओटा वाटते, ती कोणाच्या तरी स्वयंपाकघराची भिंत आहे. घरें गमावलेलीं माणसें अद्याप हयात असतां त्यांच्या अवशेषांवर सायकल नाचवावी, आणि तीहि एका पेयाच्या खपासाठीं, हें कोणाच्याहि मनाला खटकल्यावांचून राहणार नाहीं. तें खटकावें हेंच योग्य. तथापि चित्राला नांव दिलें आहे तें एपेक्वेन. आणि ज्यांनीं हें नांव आयुष्यांत कधीं ऐकलें नसतें, अशा असंख्य लोकांपर्यंत तें या कसरतीच्या पाठीवर बसून गेलें, हेंहि तितकेंच खरें आहे.

हें चित्र निघालें त्या वेळीं गांवांत एकटाच रहिवासी होता. त्याचें नांव पाब्लो नोव्हाक, वय चौऱ्यायशीं. बाकीचे पांगले तरी हा परत येऊन राहिला. त्याच्याजवळहि सायकल होती, साधी, जुनी. तिच्यावरून तो त्या उजाड रस्त्यांनीं फिरत असे आणि आल्यागेल्या पाहुण्याला कोठें काय होतें तें सांगत असे. जानेवारी २०२४ मध्यें, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षीं, तो वारला. आतां त्या भिंतींपैकीं कोणती कोणाच्या घरची, हें तेथें राहून सांगणारा कोणी उरला नाहीं.